बेथलेहेमचा हंगामी भाकरवाला

बखूम सिदहोम कलादा शनूफा. जन्म १९३१, निधन १९९८. दोन्ही घटना नाईलकाठच्या नजलत अल-सुंत ह्याच गावी घडल्या, कारण अन्यत्र जायचे तर आधी उठावे लागले असते. पत्नी मुफीदा, कन्या दोन. काम, आमच्या चर्चमध्ये वेदीची भाकर भाजण्याचे. ते त्यांच्या आजोबांपासून त्या घराण्याकडे चालत आले होते. चर्चच्या पंचमंडळाचा चिटणीस आणि वेदीवर धर्मगुरूंच्या हाताशी असणारा डीकन ह्या दोन्ही नात्यांनी मी त्यांना जवळून पाहिले आहे. गावात त्यांच्याविषयी ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांपैकी निम्म्या अतिशयोक्त आणि उरलेल्या अपुऱ्या आहेत. सबब, झाले ते क्रमवार लिहून ठेवणे मला उचित वाटते.

बखूम आळशी होते. हे विधान मी द्वेषाने करीत नाही. नाईल उत्तरेकडे वाहते असे म्हणावे तितक्याच निर्विकारपणे करतो. त्यांचा आळस मात्र नास्तिकाचा नव्हता. तो संपूर्णपणे श्रद्धेवर उभा होता, किंवा अधिक अचूक बोलायचे तर, आडवा होता. त्यांच्या छपराचा खजुराचा वासा कित्येक वर्षे खाली वाकत चालला होता आणि त्यावरून नवराबायकोत होणारा संवाद शेजारपाजारच्या सर्वांना तोंडपाठ होता.

"अहो, वासा मोडायला आलाय. एक दिवस डोक्यात पडेल."

"पडायचा असेल तर देवाच्या मर्जीनं पडेल. आपण मधे हात घालणारे कोण?"

"हात नका घालू. नुसता एक टेकू घाला."

"रानातली फुलं बघ, मुफीदा. राबत नाहीत, कातत नाहीत. देव त्यांना नेसवतो की नाही?"

"फुलांना बायको नसते," मुफीदा म्हणे, आणि टेकू स्वतः लावी.

उपवास मात्र बखूम काटेकोरपणे पाळीत. आमच्या पंथात उपवासाचे दिवस वर्षातून निम्म्याहून अधिक असतात; त्यांतला एकही त्यांनी कधी मोडला नाही. काही न केल्याने पदरी पडणारे असे दुसरे पुण्य नाही, हे त्यांनी लहानपणीच ओळखले होते. उपवासाच्या दिवसांत अशक्तपणामुळे आणि इतर दिवसांत जेवणामुळे त्यांच्याने काम होत नसे. असा त्यांचा वर्षाचा हिशेब चोख बसत असे.

आता वेदीच्या भाकरीविषयी. चर्चच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीला लागून, जी खोली असते तिला आम्ही बेथलेहेम, म्हणजे भाकरीचे घर, असेच म्हणतो. तिथे काठवट, भट्टी आणि पिठाची पोती असतात. ज्या दिवशी वेदीवर भाकर ठेवायची त्याच दिवशी ती तिथे भाजावी लागते. कालची चालत नाही. पीठ उत्तम गव्हाचे, त्यात खमीर घालायचे, मीठ घालायचे नाही. पीठ मळताना, झाकून ठेवताना, भाजताना, सर्व काळ भाजणाऱ्याने दाविदाची स्तोत्रे मोठ्याने म्हणत राहायचे. बखूमचे वडील सिदहोम ह्यांनी त्या खोलीत घड्याळ कधी येऊ दिले नाही. अमुक स्तोत्रापर्यंत मळायचे, तमुक स्तोत्रापर्यंत पीठ फुगू द्यायचे, मग लाकडी ठसा उमटवायचा, असा त्यांचा परिपाठ होता आणि त्यांची भाकर सूर्यबिंबासारखी गोल उतरत असे. मरतेवेळी त्यांनी तो क्रुसांचा ठसा मुलाच्या नव्हे तर सुनेच्या हाती दिला आणि म्हटले, "पोरी, हा घराबाहेर जाऊ देऊ नकोस. बखूम झोपलेला असेल, तू जागी राहा."

सिदहोम ह्यांच्या पश्चात पहिल्याच वर्षी भाकरीला तडे जाऊ लागले. बखूम स्तोत्रे गाळीत, त्यामुळे पीठ पुरते फुगत नसे. किंवा स्तोत्र म्हणता म्हणता त्यांचा डोळा लागे, त्यामुळे ते फार फुगे. आमचे धर्मगुरू अबूना बिसादा प्रत्येक वेळी टोपलीतील भाकरी उलटूनपालटून पाहत आणि वेदीसाठी त्यांतली एक, त्यातल्या त्यात निर्दोष, निवडता निवडता घामाघूम होत. अखेर त्यांनी बखूमना बोलावून घेतले.

"बखूम, आणखी एकदा तडा गेलेली भाकर माझ्या हातात आली ना, तर ठसा फानूसकडे जाईल."

"अबूना, तडा काय, वरूनच येतो. भट्टीच्या मर्जीवर असतं ते."

"भट्टी फानूसचीही आहे. तिची मर्जी कधी बिघडत नाही."

फानूस जाखरी हे गावातील भट्टीचे मालक. ते इतके उद्योगी होते की त्यांच्या आसपास कोणालाही विश्रांती सुरक्षित नसे. कोणी सुंताच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली टेकलेला दिसला की फानूस त्याच्या हाती झाडू देत. ठशावर त्यांची नजर फार दिवसांपासून होती, आणि हे त्यांनी कधी लपवलेही नाही.

घरी मुफीदाने ही धमकी ऐकली तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने ठसा फडक्यात गुंडाळला, उशाशी ठेवला आणि एवढेच म्हटले, "ज्या दिवशी हा फानूसच्या घरी जाईल त्या दिवशी मी दोन्ही पोरींना घेऊन माहेरी जाईन. तुम्ही फुलांबरोबर राहा."

बखूमना बायकोचा स्वभाव ठाऊक होता. ती बोलली ते करणारी बाई होती. त्या आठवड्यात ते खरोखरच विचारात पडले, आणि मनुष्य विचारात पडला की त्यातून परिश्रमच निघेल असे नाही.

त्याच सुमारास मुफीदाचा भाऊ कुवेतहून आला आणि त्याने बहिणीला एक टेपरेकॉर्डर दिला. काही दिवसांनी बखूमनी ते यंत्र बिघडल्याचे घरात जाहीर केले आणि दुरुस्तीस नेतो म्हणून ते काखोटीला मारून बाहेर पडले. ते गेले थेट बेथलेहेममध्ये. तिथे, दार लावून, त्यांनी आयुष्यात एकदाच, खड्या आवाजात, एकही अक्षर न गाळता, मळण्याची स्तोत्रे कॅसेटच्या एका बाजूवर आणि फुगण्याची दुसऱ्या बाजूवर म्हटली. इतके कष्ट त्यांनी पूर्वी कधी घेतले नव्हते, पुढेही फारसे घेतले नाहीत. मधे एकच अडचण आली. खिडकीतून मुफीदाच्या बकरीने डोके आत घालून पोत्याला तोंड लावले, तेव्हा बखूमनी स्तोत्राचा सूर न मोडता, त्याच लयीत, अंगणात असलेल्या बायकोला हाक दिली, "मुफीदा गं, बकरी हाकल, पिठात तोंड घालतेय," आणि पुढची ओळ उचलली. हा भाग पुसता आला असता. पण पुसायचे तर सगळे पुन्हा म्हणावे लागले असते.

त्यानंतर त्यांचा परिपाठ असा झाला. पीठ ते स्वतः मळत. तेवढे यंत्राला जमत नव्हते. मग काठवटीवर फडके टाकून ते कॅसेटची दुसरी बाजू लावत आणि पोत्यांवर आडवे होत. स्तोत्रे संपली की यंत्राची कळ टक्कन उडे आणि त्या आवाजाने त्यांना जाग येई. पीठ नेमके तयार असे. भाकरी गोल, डागविरहित उतरू लागल्या. खिडकीबाहेरून जाणारा-येणारा खडा स्वर ऐकून छातीवर क्रूस काढी. मुफीदाने ठसा उशापासून काढून पुन्हा कोनाड्यात ठेवला. अबूना बिसादा ह्यांनी तर एका रविवारी परिश्रमावर प्रवचन केले आणि त्यात, देव मनुष्याला कसा पालटतो ह्याचे उदाहरण म्हणून, बखूमचे नाव घेतले. बखूम तेव्हा मागच्या खांबाला टेकून डुलक्या घेत होते. लोकांना वाटले, विनयाने मान खाली घातली आहे.

शंका आली ती एकट्या सत्तूता आजींना. ह्या अबूनांच्या मातोश्री. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. त्यांची बाज बेथलेहेमच्या भिंतीपलीकडे असे आणि भिंतीतून येणाऱ्या स्तोत्रांबरोबर त्या ओठ हलवीत. एक दिवस त्यांनी मुफीदाला बोलावले.

"काय गं, तुझी बकरी फार भाविक दिसते."

"कोणती बकरी, आजी?"

"बखूम तहानलेल्या हरिणीचं स्तोत्र म्हणायला लागला की येते. दर वेळी. आधी नाही, नंतर नाही. मग तो तुला हाक मारतो."

"आजी, ती बकरी आम्ही मागच्या उन्हाळ्यात विकली."

"मग तिचा आत्मा येत असेल," सत्तूता आजी म्हणाल्या आणि जपमाळ पुढे सरकवली. मुफीदा हसली, पण घरी जाताना तिची पावले मंदावली होती असे तिने पुढे मला सांगितले. तिने नवऱ्याला काही विचारले नाही. भाकरी चांगल्या उतरत होत्या, आणि उत्तर ऐकायची तिची छाती नव्हती.

ईस्टरआधीच्या पुढच्या मोठ्या उपवासात आमचे बिशप, ज्यांना आम्ही सारे सय्यदना म्हणतो, गावात यायचे ठरले. वयोवृद्ध, कमी बोलणारे, तारुण्यात वाळवंटातील मठात राहिलेले. दिवस आठवड्याच्या मधला होता. मोठ्या उपवासात अशा दिवशी उपासना दुपारची असते आणि ती आटोपेपर्यंत कोणी पाण्याचा थेंबही घेत नाही. सबंध गाव सकाळपासून कोरडे अंगणात जमले होते. घरोघरी डाळ आणि वाटलेल्या वालांचा बिसारा तयार करून झाकून ठेवले होते आणि त्याचा विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. बखूम बेथलेहेममध्ये होते. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. अबूनांनी सय्यदनांचे लक्ष मुद्दाम तिकडे वेधले. "आमचे बखूम. एक अक्षर गाळत नाहीत."

यंत्राचे सेल संपत आले होते. नवे आणायचे तर कालव्यापलीकडच्या दुकानात जावे लागले असते, आणि बखूमनी ते काम देवाच्या मर्जीवर सोडले होते.

प्रथम आवाज थोडा जड झाला. लोकांनी मान डोलावली. भक्तीचा भर असेल. मग तो खाली उतरला. मग एकेका शब्दाला इतका वेळ लागू लागला की शब्द संपेतो आधीचा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहीना. म्हैस विहिरीत पडून हंबरावी तसा तो स्वर भिंतीतून येऊ लागला. सत्तूता आजींनी काठीने भिंत ठोकली आणि मुलाला ओरडून सांगितले, "अरे बिसादा, धाव. बखूमच्या अंगावरून वारं गेलं. जीभ लुळी पडलीय त्याची."

ह्यानंतरचा क्षण मी स्वतः पाहिला आहे. अबूना धावले. फानूस त्यांच्यापुढे धावले. सय्यदनांनी आजाऱ्यांना लावायचे पवित्र तेल मागवले आणि काठी टेकीत शक्य तितक्या वेगाने निघाले. तेलाची कुपी घेऊन मी त्यांच्यामागे होतो. मुफीदा किंकाळी फोडून कोसळली आणि लगेच उठून सर्वांच्या पुढे गेली. फानूसनी खांद्याने दार उघडले.

बखूम पोत्यांवर उताणे पडून घोरत होते. त्यांच्या उशाशी त्यांचाच आवाज, खोल पाताळातून आल्यासारखा, एका स्तोत्राची शेवटची ओळ ओढत होता. पीठ काठवटीबाहेर फुगून जमिनीवर उतरले होते आणि त्यांच्या पायापर्यंत पोचले होते.

सय्यदना वाकले. तेलात बुडवलेले बोट अजून तसेच होते. तेव्हा बखूमनी डोळे उघडले, वर पांढरी दाढी आणि हातातला क्रूस पाहिला, आणि आपण मेलो आहोत असा त्यांचा समज झाला.

"सय्यदना," ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं. उठायचं तरी टळलं."

यंत्राची कळ तेवढ्यात टक्कन उडाली. त्याबरोबर, सवयीने, बखूम उठून बसले आणि ठसा शोधू लागले. ठसा अबूनांनी काठवटीजवळून उचलून हातात घेतला होता. अबूनांचा चेहरा लाल झाला होता. प्रवचनाची आठवण त्यांना होत असावी.

"प्रवचनात नाव घेतलं मी तुझं. भर चर्चमध्ये."

"मी म्हणालो नव्हतो घ्या म्हणून, अबूना."

"गप्प बस. फानूस, हा घे."

फानूसनी बाह्या आधीच वर केल्या होत्या. मुफीदा दारात उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, ठशाकडे पाहत होती. ठसा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे तेवढे अंतर उरले होते आणि तिचे दोन्ही हात नकळत पुढे आले होते. सय्यदनांनी ते पाहिले. त्यांनी मधेच हात घालून ठसा स्वतःकडे घेतला.

"बखूम," ते म्हणाले, "स्तोत्रं ह्या यंत्रानं म्हटली. उद्या स्वर्गात तुला घ्यायचं की ह्याला?"

बखूमनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्याला घेतलं तर ते कुरकुर करणार नाही, सय्यदना."

"पण सेल कोण घालणार?"

बखूम यंत्राकडे पाहू लागले.

"ऊठ. नवं पीठ घे."

"सय्यदना," अबूना हळूच म्हणाले, "लोक सकाळपासून उपाशी आहेत. फानूस लवकर आटपेल."

"लवकर आटपायला आपण आलोत कुठं? थांबू. अंगणात सावली आहे."

फानूस म्हणाले, "निदान मी लाकडं सारतो."

"तू बस, बाळ," सय्यदना म्हणाले. फानूसना कोणी बसायला सांगण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. ते बसले, पण त्यांचे गुडघे उपासना संपेपर्यंत हलत होते.

बखूमनी पीठ घेतले. दार सताड उघडे होते आणि साऱ्या गावाची भूक त्या दारात उभी होती. यंत्र सय्यदनांच्या आज्ञेवरून मी बाहेर आणून ठेवले होते. बखूमनी मळायला सुरुवात केली, आणि तोंड उघडले. आवाज फुटला, घोगरा, अडखळत. गाळायला जागा नव्हती. एक ओळ सुटली की अंगणातून पाच म्हाताऱ्या ती उचलून परत त्यांच्या पुढ्यात टाकत. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि तो पिठात पडू नये म्हणून मुफीदा पदराने टिपत होती.

पीठ झाकले. फुगण्याची स्तोत्रे सुरू झाली. आता आवाज स्थिर झाला होता, अंगण शांत होते. तहानलेल्या हरिणीचे स्तोत्र आले. आणि बखूम, जे ही स्तोत्रे इतके दिवस झोपेतच ऐकत आले होते, डोळे मिटून, सूर न मोडता, त्याच लयीत म्हणाले, "मुफीदा गं, बकरी हाकल, पिठात तोंड घालतेय."

मुफीदाने वळून खिडकीकडे पाहिले. खिडकीत कोणी नव्हते.

भिंतीपलीकडून सत्तूता आजींचा आवाज आला. "बघा, मी म्हणत नव्हते? आली."

मोठ्या उपवासात, बिशपांच्या समक्ष, रिकाम्या पोटी हसणे कितपत योग्य ह्याचा मी विचार करीत होतो, तोच सय्यदनांच्या दाढीला कंप सुटला. ते हसू लागल्यावर मग कोणालाच आवरेना. मुफीदा भट्टीच्या कट्ट्यावर बसून डोळे पुसत होती. ते हसण्याचे पाणी होते की दुसरे, मी विचारले नाही. बखूम मात्र गोंधळून पुढची ओळ म्हणत राहिले, कारण थांबले तर पीठ बिघडेल एवढे त्यांना आता कळत होते.

भाकरी निघाल्या. टोपली मीच धरली होती. अबूनांनी पहिली उचलली. तिला कडेला तडा होता. दुसरी फुगीर. ते एकेक बाजूला ठेवीत गेले आणि मुफीदाचा श्वास मला मागून ऐकू येत होता. शेवटची त्यांनी उलटीपालटी केली, बोटाने पुसली, उन्हात धरली. "ही चालेल," ते म्हणाले. जरा थांबून, "चांगली आहे." सूर्य कलला होता. त्या दिवशी गावात जेवणे इतकी उशिरा झाली की काही घरांतील बिसारा आंबला, आणि त्याचा दोष बखूमवर त्यांच्या मरणापर्यंत ठेवला गेला.

सय्यदनांनी निघताना निकाल दिला. ठसा बखूमकडे राहणार नाही, फानूसकडेही जाणार नाही. तो सत्तूता आजींकडे राहील. भाकरीच्या दिवशी बखूमनी भिंतीशी उभे राहून पहिले स्तोत्र तोंडाने म्हणावे, ते आजींनी ऐकावे, मग ठसा द्यावा. मधे आवाज थांबला तर आजींनी काठी वाजवावी. "तूर्त एवढं," ते म्हणाले. "पुढच्या मोठ्या उपवासात मी येईन, तेव्हा ठसा परत द्यायचा की नाही ते बघू."

मुफीदा माहेरी गेली नाही. तिने फक्त बखूमना विचारले, "यंत्रातली बकरी माझ्यापासून का लपवलीत?" त्यावर बखूम म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू सेल आणायला लावले असतेस." हे उत्तर इतके खरे होते की ती उठून चुलीकडे गेली.

बखूम सुधारले असे लिहिले तर ते असत्य होईल. वासा तसाच राहिला. टेकू मुफीदानेच बदलले. शेंगा वाळून गळल्याशिवाय त्यांनी घेवडा कधी तोडला नाही. परंतु बेथलेहेममध्ये ते झोपले नाहीत. आरंभीच्या काळात काठीचा आवाज वारंवार ऐकू येई. आजी दयामाया करीत नसत. "अरे, आडवं पडून म्हणतोयस, आवाज पोटातून येतोय," असे त्या भिंतीतून सुनावत, आणि ते खरेच आडवे असत. पुढे काठी क्वचित वाजे. बकरीची ओळ अधूनमधून त्यांच्या तोंडून निसटतच राहिली. एकदा ती निसटली नाही तेव्हा आजींनी काठी वाजवली.

सत्तूता आजी वारल्या त्या सकाळी त्यांच्याच अंत्यविधीच्या उपासनेसाठी भाकर हवी होती. घरात रडारड चालली होती. ठसा द्यायला कोणी भानावर नव्हते. मी विचारायला गेलो तेव्हा बखूम भिंतीशी उभे होते. त्यांनी पहिले स्तोत्र पूर्ण म्हटले. मग वाट पाहिली. पलीकडून काही आले नाही, तेव्हा ते वळसा घालून घरात गेले, कोनाड्यातला ठसा स्वतः उचलला आणि भाकर भाजायला गेले. त्यानंतरही, जोवर हात चालले तोवर, त्यांनी ठसा त्या कोनाड्यातच ठेवला आणि तो घेण्यापूर्वी भिंतीशी उभे राहणे सोडले नाही.

आता राहिले ते ठशाचे. सय्यदना पुढच्या मोठ्या उपवासापर्यंत जगले नाहीत. निकाल दिला त्याच उन्हाळ्यात त्यांचे निधन झाले. नव्या बिशपांकडे मी पंचमंडळातर्फे विषय मांडला. पूर्वीच्यांनी बघू म्हटले होते तर ते काय बघणार होते हे कळल्याशिवाय आपण आज्ञा बदलू शकत नाही, असे त्यांनी कळवले. परिणामी बखूम अखेरपर्यंत हंगामी राहिले. त्यांच्या निधनानंतर ठसा वारशाने जाऊ शकत नाही, कारण तो त्यांना रीतसर परत मिळालाच नव्हता, असा आक्षेप फानूस जाखरी ह्यांनी घेतला. नियमाप्रमाणे तो योग्य होता. मंडळाने ठसा फानूसना देऊ केला. फानूसनी एक सबंध सकाळ बेथलेहेममध्ये काढली आणि बाहेर येऊन म्हणाले, "एवढा वेळ एका जागी थांबून नुसतं म्हणत राहायचं? मला नाही जमणार. मधल्या वेळात माणसानं काय करायचं?"

सबब, ठसा सध्या बखूमच्या थोरल्या जावयाकडे आहे. तोही हंगामी. अबूना बिसादा थकले आहेत, पंचमंडळ बदलले आहे, आणि ह्या प्रकरणी कायम आज्ञा अद्याप यायची आहे.